पावसात वळणावर गाडीचा मागचा भाग सटकतो : रिअर व्हील ड्राइव्ह गाडीच्या टायरची पकड कशी वाढवावी?

सत्तरीकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे मागच्या चाकांवर चालणारी, स्वतंत्र चासीची सात आसनी डिझेल गाडी आहे. वाळपईहून साखळी, डिचोलीमार्गे पणजी हा माझा नेहमीचा रस्ता असून अधूनमधून चोर्ला घाटाने बेळगावला जाणे होते. उन्हाळ्यात गाडीबद्दल काडीचीही तक्रार नसते. पाऊस सुरू झाला की मात्र वळण संपत आल्यावर मी रेस देतो त्याच क्षणी मागचा भाग बाहेरच्या बाजूला सरकतो आणि स्टिअरिंग उलटे फिरवून गाडी सावरावी लागते. गाडीत बहुतेक वेळा मी एकटाच असतो. एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, पण गाडी घसरू लागल्यास स्वतःहून सावरणारी इलेक्ट्रॉनिक प्रणाली नाही.

ओळखीच्यांनी सुचवलेले उपाय असे आहेत : रुंद टायर घालावेत, हवा पाच-सहा पीएसआय (टायरमधल्या दाबाचे एकक) कमी ठेवावी, डिकीत वाळूच्या गोणी टाकाव्यात आणि एका मित्राच्या मते लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एकच चाक गरगरू न देता दोन्ही मागच्या चाकांना जोर पोहोचवणारा गिअरसंच, बसवून घ्यावे. सध्या दोनच नवे टायर घेण्याची माझी तयारी आहे. ते पुढे घालावेत की मागे, आणि वरीलपैकी कोणत्या उपायात खरोखर अर्थ आहे, हे जाणकारांनी सांगावे.

कुळागर

सत्तरीकर, उपायांकडे वळण्यापूर्वी गाडी नेमकी कशावर घसरते हे ठरवणे आवश्यक आहे, कारण ओल्या रस्त्यावर पकड जाण्याची कारणे निरनिराळी असतात आणि एका कारणावरचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिले कारण म्हणजे साचलेले पाणी. टायरला आपल्या समोरचे पाणी बाजूला सारून डांबरापर्यंत पोहोचायचे असते. वीस सेंटिमीटर रुंदीचा टायर ताशी ८० किलोमीटर वेगाने तीन मिलिमीटर पाण्यातून जात असेल, तर त्या एका टायरला दर सेकंदाला सुमारे १३ लिटर पाणी हटवावे लागते. नक्षीच्या खाचांना हे जमले नाही की टायर पाण्यावर तरंगतो आणि मग स्टिअरिंग, ब्रेक, रेस यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. हा प्रकार मुख्यतः महामार्गावर वेगात असताना घडतो.

दुसरे कारण म्हणजे रस्त्यावरचा बुळबुळीत थर. हा कमी वेगातही घात करतो. उन्हाळाभर साचलेली धूळ, टायरच्या रबराची भुकटी आणि वाहनांतून गळलेले तेल पहिल्या सरींबरोबर एकत्र होऊन जो लेप तयार होतो, तो चार-पाच जोरदार पाऊस पडून गेल्यावर बराचसा धुऊन जातो. आपल्याकडे मात्र त्याची जागा जांभ्याची तांबडी माती घेते. डोंगर कापून काढलेल्या रस्त्यांवर आणि खनिजाची वाहतूक होते अशा उसगाव, डिचोली, सांगे या भागांत ती डांबरावर पातळ पसरलेली असते. झाडीतल्या सावलीच्या रस्त्यांवर ऑगस्टपर्यंत शेवाळ धरते, आणि त्यावर कुजलेली पाने पडली की पकड आणखी कमी होते.

तिसरे कारण तुमच्या गाडीच्या रचनेत आहे. टायरकडे पकडीची एक ठरावीक पुंजी असते आणि तिच्यातूनच त्याला वळणाचाही खर्च भागवायचा असतो आणि रेसचाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ही पुंजी संपली तर गाडी वळण सोडून सरळ जाऊ पाहते, आणि माणूस घाबरून रेस सोडतो तेव्हा ती बहुधा ताळ्यावर येते. तुमच्या गाडीत ती मागच्या टायरवर संपते, म्हणून मागचा भाग बाहेर पडतो. त्यातून डिझेल इंजिनाचा जोर कमी फेऱ्यांतच एकदम येतो आणि गाडी रिकामी असल्याने मागच्या धुऱ्यावर वजन नसते. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.७ ते ०.९ असतो आणि ओल्या डांबरावर तो ०.४ ते ०.६ इतका उतरतो. उन्हाळ्यात जी रेस पचते, ती पावसाळ्यात पचत नाही याचे कारण हेच.

तुम्ही केलेले वर्णन या तिसऱ्या प्रकाराचे आहे आणि त्याला घासलेल्या टायरची जोड असावी अशी मला शंका आहे. मागच्या टायरची नक्षी किती मिलिमीटर उरली आहे, ते कोणत्या वर्षाचे आहेत आणि त्यांत हवा किती आहे, हे मोजून कळवावे.

मांडवीकाठ

हवा कमी करण्याच्या सल्ल्याबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे, कारण हा सल्ला पावसाळा आला की कोणीतरी देतोच. मोरजीच्या वाळूत रुतलेली जीप हवा कमी करून बाहेर काढतात हे खरे आहे. मऊ जमिनीवर टायर पसरला की वजन विभागले जाते आणि चाक रुतत नाही. डांबरावरच्या पाण्याचे गणित याच्या उलट आहे. तेथे टायरने पाणी दाबून बाहेर फेकावे लागते आणि त्यासाठी त्याला दाब हवा असतो.

नासामध्ये विमानांच्या चाकांवर प्रयोग करणाऱ्या वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात यासाठी एक सूत्र मांडले. टायर ज्या वेगाला पूर्णपणे तरंगू लागतो तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. मोटारीपुरते सांगायचे तर पीएसआयमधील दाबाचे वर्गमूळ काढून त्याला १६.६५ ने गुणले की ताशी किलोमीटरमधील वेग मिळतो. ३३ पीएसआयला हा वेग सुमारे ९६ येतो आणि २४ पीएसआयला तो ८२ पर्यंत घसरतो. विमानाच्या टायरवरून काढलेले हे सूत्र मोटारीला तंतोतंत लागू पडत नाही. टायर गोटा झालेला असेल तर यापेक्षा कमी वेगातही गाडी तरंगते, आणि नक्षी चांगली खोल असून पाणी उथळ असेल तर थोडी सवलत मिळते. पण हवा कमी केल्याने पाण्यातली पकड वाढत नाही, एवढे त्यातून निःसंशय दिसते.

रुंद टायरचेही तेच. टायर जेवढा रुंद, तेवढे जास्त पाणी त्याला हटवावे लागते. कोरड्या रस्त्यावर त्याचा फायदा दिसतो, दिसायलाही तो बरा दिसतो, आणि गोव्यातल्या पावसात तो नेमका नको तेथे दगा देतो.

चढउतार

मी बोलेरो पिकअप चालवतो आणि फोंड्याहून अनमोड घाटाने हुबळीकडे माल नेतो, म्हणून वाळूच्या गोणींबद्दल लिहितो.

रिकामा पिकअप ओल्या चढावर जागच्या जागी चाक फिरवतो आणि मागे दोन-तीन गोणी पडल्या की सरळ चढतो, हे कोणीही करून पाहावे. चढावर वजन आपोआप मागे झुकते, त्यामुळे चढणीवर आपल्या गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांपेक्षा उजव्याच ठरतात. मात्र हा फायदा सरळ ओढीपुरता आहे. वळणावर गोणीचे वजनसुद्धा गाडीबरोबर बाहेर पडू पाहते, म्हणजे पकड वाढली तशी तिची गरजही वाढली आणि हाती फारसे काही उरले नाही. त्यातही गोणी धुऱ्याच्या मागे, अगदी दाराला टेकवून ठेवली तर मागचा भाग एकदा सुटल्यावर लवकर आवरत नाही, आणि पुढच्या चाकांवरचे वजन उचलले जाऊन स्टिअरिंग हलके पडते.

ठेवायचीच असेल तर ती धुऱ्याच्या वर किंवा किंचित पुढे ठेवावी आणि पट्ट्याने घट्ट बांधावी. प्रवासी गाडीत सुटी गोणी हा निव्वळ धोका आहे. जोरात ब्रेक लागला की ती पाठीत येते. चवथीला सगळे कुटुंब, माटोळीचे सामान आणि नेवऱ्यांचे डबे घेऊन निघाल्यावर तर गोणीची गरजच नसते. त्या वेळी दारावरच्या पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी दिलेली हवा भरावी. मागच्या टायरसाठी ती बहुधा वेगळी असते.

बोरीकर

दोन नवे टायर पुढेच घालावेत असे माझे मत आहे. स्टिअरिंग पुढे आहे, ब्रेकचा मोठा भार पुढे येतो आणि टायर फुटला तरी पुढचा फुटणे अधिक वाईट, असे आमच्याकडचे सगळे टायरवाले सांगतात. मी आजवर नवे टायर पुढेच घालत आलो आहे आणि कधी अडचण आलेली नाही.

कुळागर

बोरीकर, हा समज फार जुना आहे आणि वरवर पाहता तो पटतोही, परंतु टायर बनवणाऱ्या कंपन्या नेमके उलट सांगतात : दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर गाडी कोणत्याही चाकांवर चालणारी असो, जास्त नक्षीचे टायर मागे असावेत. पुढची चाके पाण्यावर आधी घसरली तर स्टिअरिंग हलके होऊन हाताला सूचना मिळते, आणि रेस सोडली की वजन पुढे येऊन बऱ्याचदा पकड परत मिळते. मागची चाके आधी घसरली तर अशी सूचना मिळत नाही, गाडी फिरू लागल्यावरच कळते आणि त्या वेळी घाबरून रेस सोडणे किंवा ब्रेक मारणे हे आगीत तेल ओतण्यासारखे होते. सत्तरीकरांच्या गाडीत तर मागच्या टायरवर वळणाबरोबर ओढीचाही बोजा आहे, त्यामुळे तेथे दुसऱ्या मताला जागा उरत नाही. तुम्हाला अडचण आली नाही याचे कारण बहुधा तुमचे मागचे टायरही पुरेशा नक्षीचे होते.

याचा अर्थ पुढे गोटा झालेले टायर चालतील असा कोणी घेऊ नये. कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. खाचांच्या तळाशी जे आडवे उंचवटे असतात ते नक्षीच्या पातळीला आले की ही मर्यादा गाठली असे समजावे. पण ही कायद्याची मर्यादा आहे, आपल्या पावसाची नव्हे. पणजीत वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि सत्तरी, सांग्याकडे त्याहूनही जास्त. नवा टायर साधारण आठ मिलिमीटर नक्षीचा असतो आणि ती तीनच्या खाली आली की पाणी हटवण्याची शक्ती झपाट्याने उतरते. तीनवर आलेला टायर जून उजाडण्यापूर्वी बदलावा, असे माझे मत आहे. राहिलेली नक्षी ऑक्टोबरनंतर कोरड्या रस्त्यावर वापरता येते, पण टायर काढून जपून ठेवायला कोणाकडे जागा असते!

अनमोडी

डिफरन्शियलचा मुद्दा राहिला आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही मागच्या चाकांना सारखाच जोर मिळतो, त्यामुळे एक चाक चिखलात गरगरू लागले की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो आणि गाडी अडकते. लिमिटेड स्लिप किंवा लॉक होणारे डिफरन्शियल ही अडचण दूर करते. बोलेरो निओच्या एका प्रकारात ते कंपनीकडूनच येते. शेतात, कच्च्या रस्त्यावर त्याचा उपयोग मोठा आहे. ओल्या डांबरी वळणावर मात्र जास्त रेस दिली तर एकाऐवजी दोन्ही चाके एकदम सुटतात, म्हणजे सत्तरीकरांची तक्रार कमी होण्याऐवजी वाढू शकते. एवढा खर्च करून हे विकतचे दुखणे घेऊ नये.

सत्तरीकर

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे काल दुपारी गाडी अंगणात उभी करून खोली मोजण्याच्या गेजने मोजमाप घेतले. पुढचे टायर साडेचार मिलिमीटरवर आहेत. मागच्यांची नक्षी कडेला तीन आणि मधल्या पट्ट्यात दोनच्या आसपास आहे, म्हणजे वरून पाहिल्यावर ती बरी वाटते पण गेज घातल्यावर खरे कळते. मागच्या दोन्ही टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे १४१७ असे आहेत. रबराला नख दाबले तर जराही उमटत नाही आणि नक्षीच्या गोट्यांच्या मुळाशी केसाएवढ्या बारीक भेगा दिसतात. टायर थंड असताना हवा मोजली तर चाळीस निघाली. दाराच्या पट्टीवर रिकाम्या गाडीसाठी ३३ लिहिलेले आहे. पंपावर न विचारता चाळीस भरून देण्याची पद्धत आहे असे दिसते.

कुळागर

मग निदान झाले म्हणायला हरकत नाही. १४१७ म्हणजे २०१७ सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेला टायर. रबर वयाबरोबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावरची पकड ही खाचांइतकीच रबराच्या मऊपणावर अवलंबून असते. डांबराच्या बारीक उंचसखलपणात रबर दबून बसले तरच ते धरून राहते, आणि नख न उमटणारे रबर तसे बसत नाही. अशा टायरवर नक्षी सहा मिलिमीटर असती तरी मी तो पावसाळ्यात ठेवला नसता.

मधला पट्टा जास्त घासणे हे जादा हवेचे लक्षण आहे. हवा कमी ठेवणे वाईट तसेच रिकाम्या गाडीत चाळीस ठेवणेही वाईट, कारण टायर मध्यभागी फुगतो, त्याच्या कडा रस्त्याला नीट टेकत नाहीत आणि खड्ड्यांवर चाक उड्या मारते. सूत्रातला वेग वाढतो हे मान्य, पण घाटातल्या वळणावर तुम्ही पाण्यावर तरंगत नसता, तेथे रबर आणि डांबर यांचा संपर्क महत्त्वाचा असतो. दारावरच्या पट्टीवर लिहिलेली हवा सकाळी टायर थंड असताना भरावी आणि तो विषय तेथेच संपवावा. टायर बदलताना मागचे शॉकअब्सॉर्बर तेल गळतात का आणि धुऱ्याचे रबरी बुश फाटले आहेत का, हेही जॅकवर गाडी असतानाच पाहून घ्यावे. शॉकअब्सॉर्बर गेलेला असेल तर ऐन वळणावर लहानशा खड्ड्यानेही चाक क्षणभर रस्ता सोडते, आणि ओल्यात तेवढे पुरते.

नव्या टायरच्या बाजूवर ट्रॅक्शनची श्रेणी छापलेली असेल तर ती पाहावी. एए सर्वोत्तम, त्याखाली ए, बी आणि सी. ही श्रेणी ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून काढलेली असते, म्हणून वळणाबद्दल ती काही सांगत नाही, तरीही बी किंवा सी असलेला टायर मी मागे घालणार नाही. शेजारीच ट्रेडवेअरचा आकडा असतो. तो जितका मोठा तितका टायर जास्त किलोमीटर टिकतो, पण टिकाऊपणासाठी रबर बहुधा कडक ठेवलेले असते. टॅक्सीवाल्यांना मोठा आकडा आवडतो, तुम्हाला मध्यम पुरे. सिलिका मिसळलेले रबर आणि गोट्यांवर बारीक उभे-आडवे काप असलेली नक्षी ओल्यासाठी चांगली. ठोकळेबाज, चिखलात चालणारी नक्षी दिसायला दणकट असली तरी ओल्या डांबरावर तिचा रस्त्याशी संपर्क कमी येतो. मूळ रुंदीच कायम ठेवावी. रिमोल्ड टायर, म्हणजे घासलेल्या जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले, मात्र मागे घालूच नयेत, मग ते कितीही स्वस्त मिळोत.

बाणाची दिशा असलेली नक्षी असेल तर बाण पुढे फिरेल अशीच बसवून घ्यावी. उलटी बसली तर खाचा पाणी बाहेर टाकण्याऐवजी मध्ये ओढतात. दुकानात गर्दी असते, म्हणून स्वतः उभे राहून पाहावे.

चढउतार

टायर बदलले तरी उजव्या पायाची सवय बदलावी लागेल, म्हणून चोर्ल्याच्या उताराबद्दल एक गोष्ट सांगतो. खालचा गिअर घालून इंजिनावर गाडी उतरवावी हे सगळ्यांना ठाऊक असते, पण आपल्या गाडीत इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. वळणात शिरल्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात आणून क्लच झटक्यात सोडला की मागची चाके क्षणभर अडतात, जणू हँडब्रेक ओढला असावा, आणि शेपूट बाहेर येते. म्हणून वेग आणि गिअर वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच ठरवावा आणि क्लच सावकाश सोडावा. वळणात रेस एकसारखी ठेवावी आणि स्टिअरिंग सरळ होत जाईल तशी ती वाढवावी. तुमचे डिझेल इंजिन खालच्या गिअरमध्ये ओढ मारत असेल तर ओल्या चढणीच्या वळणावर एक गिअर वरचा वापरून पाहावा. जोर कमी पोहोचतो आणि चाक शांत राहते.

तरीही सटकलीच तर रेस हळूहळू कमी करावी, ब्रेकला हात लावू नये, म्हणजे पाय लावू नये, आणि जेथे जायचे आहे तेथे पाहून स्टिअरिंग तिकडे वळवावे. इंजिनाच्या ब्रेकने सटकली असेल तर क्लच दाबला की चाके पुन्हा फिरू लागतात. पुलांवरचे लोखंडी सांधे आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओलांडताना रेस वाढवू नये, मग तो पणजीचा अटल सेतू असो की झुआरीचा नवा पूल. महामार्गावर क्रूझ कंट्रोल असेल तर पावसात ते बंद ठेवावे, कारण चाक घसरू लागले तरी ते वेग टिकवायला जाते.

दिवाडकर

धागा उत्तम झाला आहे. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. फेरीबोटीतून उतरताना धक्क्याचा उतरता भाग भरतीच्या पाण्याने शेवाळलेला असतो आणि माझी जुनी व्हॅन तेथे मागची चाके फिरवत राहते. टायर नवे आहेत. आणखी काय करता येईल?

चढउतार

दिवाडकर, तेथे टायरकडून फार अपेक्षा ठेवू नये, कारण शेवाळावर कोणतीच नक्षी डांबरापर्यंत पोहोचत नाही. पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये, जवळजवळ रेस न देता क्लचवर गाडी हलवावी आणि चाक फिरू लागले की लगेच थांबावे, कारण फिरणारे चाक शेवाळ आणखी घोटून गुळगुळीत करते. पुढची गाडी पूर्ण वर चढेपर्यंत आपण फेरीच्या सपाट भागावरच थांबावे, म्हणजे मध्ये न थांबता एका दमात चढता येते. मागच्या आसनावर दोन माणसे बसली असतील तर त्यांना उतरवू नये. पुष्कळ जण गाडी हलकी व्हावी म्हणून उतरवतात, पण आपल्या प्रकारच्या गाडीत तेच वजन चाकाला धरून ठेवते.

सत्तरीकर

मागचे दोन टायर मूळ मापाचे, ए श्रेणीचे सांगून ठेवले आहेत. हवा ३३ वर आणली आणि त्याच रस्त्याने साखळीला जाऊन आलो, तर जुन्या टायरवरही गाडी पूर्वीपेक्षा बसून चालते असे वाटले. एक शेवटची विचारणा : स्टेपनीचा टायर कधी वापरलेला नाही आणि त्याची नक्षी पूर्ण आहे. तो धरून एकच नवा टायर घेतला तर चालेल का?

कुळागर

चालणार नाही. स्टेपनी गाडीबरोबरच आलेली असेल तर तिचे रबरही तेवढेच जुने आहे, नक्षी कितीही कोरी दिसली तरी. शिवाय एकाच धुऱ्यावर दोन वेगळ्या वयाचे आणि वेगळ्या नक्षीचे टायर घातले तर ओल्यात एक चाक धरते आणि दुसरे सोडते, म्हणजे तुमची मूळ तक्रार एका बाजूच्या वळणांपुरती कायम राहील. दोन्ही नवे घ्यावेत, एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे, आणि घेताना त्यांच्यावरचे चार आकडे वाचावेत. दुकानात पडून राहिलेला दोन वर्षांपूर्वीचा माल कोणी देत असेल तर तो परत करावा. बसवल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवावे, कारण नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून काढताना राहिलेला गुळगुळीत थर असतो आणि तो घासून जाईपर्यंत पूर्ण पकड मिळत नाही.